बाबांच्या पांढऱ्या पेशी

सौंसर सोडून बस रामाकोन्याकडे निघाली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागतात. सध्या त्या ताणावर आहेत. दुपारच्या उन्हात पानं आतल्या बाजूला वळून घेतात, आळ्यातली माती पापुद्रे धरते आणि झाडांचा हिरवा रंग धूळ बसल्यासारखा मंद होतो. नवख्या माणसाला वाटेल, बाग टाकून मालक कुठेतरी निघून गेला. मालक तिथेच असतो. बांधावर उभा राहून पानांकडे पाहत असतो. थंडी पडली की आमच्याकडे संत्र्याचं पाणी तोडतात. झाड तहानलेलं राहतं, वाढायचं थांबतं, थोडी पानं गाळतं, आणि नंतर पाणी सोडलं की राखून ठेवलेला सगळा जोर फुलांमध्ये उतरतो. याला ताण देणं म्हणतात. किती द्यायचा ते झाडाकडे बघून ठरवायचं असतं. कमी पडला तर फुलं येत नाहीत, जास्त झाला तर फांद्या वाळतात.

आमची बाग यंदा हिरवीगार आहे. बाबांनी तिचं पाणी तोडलेलंच नाही.

मागच्या वर्षी या दिवसांत आम्ही तिघंही नागपूरच्या एका दवाखान्यात होतो. बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण वैशाली. आई आम्ही शाळेत असतानाच गेली, त्यामुळे घर म्हणजे आम्ही तिघंच. वैशू पांढुर्ण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. पावसाळ्यात तिला बाबांच्या मूळपेशी दिल्या. माझ्या पेशी तिच्याशी जुळल्या नव्हत्या, बाबांच्या अर्ध्या जुळल्या, आणि अर्ध्या जुळल्या तरी चालतं असं डॉक्टर म्हणाले. काही महिने चाललंही. थंडी सुरू होताना आजार परतला. मग एकच वाट उरली होती. बाबांच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि वैशूच्या शिरेत सोडायच्या. त्या पेशींनी आजाराला परका म्हणून ओळखलं तर त्या त्याला संपवतील. नाही ओळखलं, तर पुढे काही नव्हतं.

वैशूला जाऊन आता वर्ष होत आलं. मी घरी आले आहे ती दवाखान्यातून फोन आला म्हणून. बाबांच्या पेशी तेव्हा एकदम दिल्या नव्हत्या. पहिला हप्ता दिला आणि बाकीच्या पिशव्यांमध्ये भरून गोठवून ठेवल्या. दुसऱ्या हप्त्याची वेळ आलीच नाही. त्या पिशव्या अजून तिथे आहेत. नष्ट करायच्या की संशोधनासाठी द्यायच्या, हे ज्याच्या पेशी त्यानेच सांगायचं असतं. मी हे बाबांना आल्या दिवशीच सांगितलं. त्यांनी ऐकलं, पायात चपला घातल्या आणि मोटर सुरू करायला बागेत निघून गेले.

*

रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढणं हेच माझं काम आहे. हे सांगायला मला अवघड जातं, कारण ऐकणारा लगेच माझ्याकडे काहीतरी समजल्यासारखा बघतो. मी नागपूरला एका प्रयोगशाळेत आहे आणि तिथे वैशूच्या आजाराआधीपासून आहे. आमच्याकडे निरोगी माणसांचं रक्त येतं. त्यातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी काढून आम्ही त्या अभ्यासाला देतो. दवाखान्यातलं काम निराळं आणि आमचं निराळं. वैशूसाठी मी काहीही काढलेलं नाही.

पद्धत साधी आहे. रक्त गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं असतं. तशा रक्तात तेवढंच खारट पाणी मिसळायचं. दुसऱ्या नळीत तळाशी एक जड, रंग नसलेलं द्रव घ्यायचं, साखरेच्या पातळ पाकासारखं. नळी तिरपी धरायची आणि तिच्या काचेवरून हे रक्त इतक्या हळू सोडायचं की ते पाकावर तरंगत राहिलं पाहिजे, त्यात घुसता कामा नये. सगळं कसब एवढंच. घाई केली की दोन्ही मिसळतात आणि मग ती नळी गेली. नंतर यंत्रात घालून ती गरागरा फिरवायची. बाहेर काढली की रक्ताचे थर लागलेले असतात. वर पिवळसर पाणी, तळाला गच्च लाल, आणि मध्ये, जिथे पिवळं संपतं तिथे, एक पातळ पांढरं कडं. धुक्यासारखं. ठाऊक नसेल तर नजरेतून सुटेल. माणसाची सगळी राखण त्या कड्यात असते.

यंत्राला ब्रेक असतो, पण या कामात तो बंद ठेवावा लागतो. एकदम थांबवलं तर लागलेले थर हलतात. यंत्र आपल्या गतीने मंद होत होत स्वतःच थांबू द्यायचं. नव्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते. त्या वाट पाहताना फोन बघतात. मी यंत्राच्या आवाजाकडे लक्ष देते. तो बारीक होत जातो, मग नुसती घरघर उरते, मग ती कधी थांबली ते कळत नाही.

वैशूचं तेरावं झाल्यावर मी कामावर गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं माझा हात थरथरेल. थरथरला नाही. रक्त पाकावर नीट तरंगलं, कडं स्वच्छ आलं. मी ते नळीने ओढून घेतलं, धुतलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पेशी जिवंत आहेत की मेल्या हे बघायला त्यांत एक निळा रंग घालतात. जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही, ती चकचकीत राहते. मेलेली पेशी अडवत नाही, ती निळी होते. त्या दिवशी मी बराच वेळ त्या भिंगातून बघत होते. माझ्या आत काहीच येत नव्हतं. लोक येऊन बोलून जात होते, कुणी हात धरत होतं, बाबांचा फोन येत होता, आणि मी चकचकीतच्या चकचकीत. या हिशेबाने मी चांगली जिवंत असायला हवी होते.

*

मागच्या वर्षीच्या त्या दिवसांतलं मला काय आठवतं? दवाखान्याच्या खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड. हात धुवायच्या औषधाचा वास, जो अजून माझ्या एका शालीला येतो. वैशूच्या डोक्यावर मी विणलेली जांभळी टोपी, जी तिला आवडत नव्हती आणि तरी ती घालायची. तिच्या खोलीत बाहेरचं फळ न्यायला मनाई होती, त्यामुळे संत्र्याच्या ऐन मोसमात आमच्या घरातल्या एकाही माणसाने फोड खाल्ली नाही. बाबा दर खेपेला विचारायचे, उकळून दिलं तर चालते का. वैशू म्हणायची, बाबा, संत्रं उकळून मले मारतच असान त मंग दवाखान्यात काहाले आनलं.

ती अशीच बोलायची. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की बाबांच्या पेशी तिच्या शरीरात जाऊन आजाराशी भांडतील. भांडण थोडं तिच्या अंगावरही दिसेल, तळहातावर, मानेवर लाल पुरळ उठेल, आणि थोडं उठलेलं चांगलंच. डॉक्टर गेल्यावर वैशूने मास्क नीट केला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताई, या डॉक्टरायले जाऊन सांग ना वं. बाबा कोनाशी भांडले हायेत का कधी? बागेतून संत्रे चोरून नेनाऱ्याले बसवून चहा पाजला होता या मानसानं. याच्या पेशी जातीन अन् कॅन्सरले म्हनतीन, या, बसा."

बाबा खुर्चीवर बसून हसत होते. खरं म्हणजे चोरणारा ओळखीचा होता आणि थंडीने गारठला होता, असं त्यांनी सांगून पाहिलं. वैशू म्हणाली, तेच म्हनून राहिली मी.

*

पेशी काढायचा दिवस ठरला. बाबा आदल्या दिवशी घरी बाग बघायला आले होते आणि त्या सकाळी पहिल्या बसने नागपूरला परतले. मी त्यांना बसस्टँडवर घ्यायला गेले तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते. थंडीमुळे असेल असं मला वाटलं. चहा घेऊ म्हटलं तर नको म्हणाले. पाणी दिलं तर बाटली हातात धरून ठेवली.

दवाखान्यात त्यांना पलंगावर झोपवलं. या यंत्राला दोन्ही हात लागतात. एका हातातून रक्त निघतं, यंत्रात फिरतं, त्यातला पांढरा थर बाजूला काढला जातो, आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत अंगात जातं. माझ्या नळीत होतं तेच, फक्त जिवंत माणसाच्या वाहत्या रक्तावर. पण त्या दिवशी सिस्टरला शीर सापडेना. एरवी बाबांच्या हातावरच्या शिरा लांबून दिसतात. तिने या हाताला पाहिलं, त्या हाताला पाहिलं, टिचक्या मारल्या, गरम पाण्याची पिशवी लावली. रक्तदाब घेतला तर तो खाली गेलेला. तिने विचारलं, आजोबा, पाणी पिलं का सकाळपासून? बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी जवळ गेले आणि विचारलं, तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं, तिला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.

"ताण देल्ला होता, बाई. कालपासून. झाडाले देल्ला का सारा जोर फुलात येते. म्या म्हटलं, रगतातही येईन."

त्यांनी काल सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, चहा घेतला नव्हता, बागेत काम केलं होतं, आणि तसेच बसमध्ये बसून आले होते. त्यांना मी चार वेळा फोनवर सांगितलं होतं की काय खायचं, काय नाही खायचं. तेलातुपाचं नको, रक्तावर चरबी येते, हेही सांगितलं होतं. भरपूर पाणी प्या हे सांगितलं नव्हतं असं नाही. पण त्यांना वाटलं, हे सगळ्यांना सांगायचं ते सांगून राहिले. सगळ्यांना साधारण पेशी पाहिजे असतात. त्यांना पुष्कळ पाहिजे होत्या.

डॉक्टर आले. त्यांनी सलाईन लावायला सांगितलं आणि काम दुसऱ्या दिवसावर गेलं. त्यांनी मला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं की एका दिवसाने वैशूच्या तब्येतीत काही फरक पडणार नाही. मला ते आधीच ठाऊक होतं. मी ते बाबांना सांगितलं. त्यानंतरही पुष्कळदा सांगितलं आहे.

वैशूला कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "बाबाले बहार येनार होता," ती म्हणत होती. "मंग आपन वेचाले गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी काम नीट झालं. बाबांना दोन्ही हात हलवता येत नव्हते, म्हणून मी त्यांचं नाक खाजवून दिलं, चष्मा पुसून दिला, दुधाचा पेला तोंडाशी धरला. यंत्रातल्या औषधाने त्यांच्या ओठांना मुंग्या येत होत्या, त्यावर कॅल्शियम दिलं. पलंगाशेजारी टांगलेली पिशवी हळूहळू भरत होती. माझ्या नळीतलं कडं पांढरं असतं. पिशवीतलं तसं नव्हतं, त्यात थोडं लाल राहतंच. पिकलेल्या गुलाबी पेरूच्या गरासारखा रंग होता. बाबा मान वळवून तिकडे बघत होते. त्यांनी विचारलं, एवढ्याशाच? मी म्हटलं, पुष्कळ आहेत. त्यांना ते खरं वाटलं नाही. मी माझ्या कामाची शपथ घेऊन सांगितलं, तरी नाही.

त्यातला थोडा भाग त्याच दिवशी वैशूला दिला. फार वेळ लागला नाही. ती झोपून वर बघत होती आणि मध्येच म्हणाली, बाबा, आता मी बी तुमच्यासारखी हळूहळू जेवीन. उरलेल्या पेशी गोठवल्या. त्याचीही एक रीत आहे. गोठवताना थंडी अगदी हळूहळू वाढवायची, नाहीतर पेशीच्या आत बर्फाचे खडे होतात आणि ती फाटते. परत वितळवताना मात्र कोमट पाण्यात धरून पटकन वितळवायच्या. तिथे रेंगाळलं तर मरतात. माणसाचं मला अजून समजलेलं नाही.

*

त्यानंतर आम्ही रोज सकाळी वैशूचे तळहात बघायचो. ती दोन्ही हात पुढे करायची, शाळेत पोरं नखं दाखवतात तशी. बाबा चष्मा वर करून जवळून बघायचे, मग खिडकीजवळ नेऊन बघायचे. एकदा तिच्या मनगटाजवळ लाल ठिपके दिसले. बाबांनी तिचा हात सोडला नाही. आले वाटते, म्हणाले, आले. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. नंतर डॉक्टरांनी पाहिलं. सुई चिकटवायच्या पट्टीने कातडी लाल झाली होती. वैशू बाबांना म्हणाली, थांबा ना, चहा पिऊन राहिले असतीन.

पुरळ उठलंच नाही. आजार वाढत गेला. इकडे लोकांनी ताण तोडला, बागांना पाणी सोडलं, आणि वैशूला आम्ही घरी आणलं तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्याची फुलं आली होती. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी वास आत येत होता. तो वास मला आठवतो असं म्हणता येणार नाही. तो होता, एवढं मला ठाऊक आहे.

*

आता संध्याकाळी शेजारच्या बागेचे शंकरकाका येऊन ओट्यावर बसतात. ते बाबांच्या वयाचे, दोघं शाळेत एका वर्गात होते. त्यांना आमची हिरवी बाग बघवत नाही. काल ते म्हणाले, "झाडं का तुह्ये पाहुने हायेत का? बसवून पानी पाजून राहिला. बहार कोठून येईन मंग?" बाबा म्हणाले, नाही आला त नाही आला. शंकरकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तंबाखू मळायला लागले. जाताना दारात थांबून मला म्हणाले, त्याले आता ताण देनं होत नाही पोरी, राहू दे एखादं साल.

एक वर्ष बहार धरला नाही तर झाड मरत नाही. उलट विसावतं म्हणतात.

रात्री जेवणं लवकर झाली. मी भांडी आवरत होते. बाबा चुलीजवळ पाट घेऊन बसले होते आणि त्यांनी स्वतःहून त्या पिशव्यांचा विषय काढला. आधी विचारलं, त्या पेशी अजून जित्या आहेत का. मी म्हटलं, हो, गोठलेल्या असल्या तरी जिवंत आहेत, काढून वितळवल्या की कामाला लागतील. मग विचारलं, त्यात वैशूचं काही आहे का. मी म्हटलं, नाही बाबा, त्या तुमच्याच आहेत, तिच्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

"पिशवीवर नाव कोनाचं हाय?"

मला थांबून आठवावं लागलं. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी असते. ज्याच्या पेशी त्याचं नाव आणि ज्याला द्यायच्या त्याचं नाव. मी म्हटलं, दोघांचं. तुमचं अन् वैशूचं.

ते म्हणाले, परवा सौंसरले रेशन कार्डाच्या कामाले गेलो होतो. तिथल्या माणसाने त्यांच्यासमोर वैशूच्या नावावर रेघ मारली. इकडच्या सरकारी हिंदीत म्हणाला, नाम काट दिया दादा, अब ठीक है. बाबा कार्ड घेऊन बाहेर आले आणि किती तरी वेळ स्टँडवर बसून राहिले. बस आली आणि गेली. हे त्यांनी मला तोपर्यंत सांगितलेलं नव्हतं.

"इथंही तिचं नाव काटतीन का?"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. त्यांना खरं सांगायचं होतं, आणि मला खरं ठाऊक होतं, कारण आमच्याकडे रक्त तसंच येतं. संशोधनाला दिलं की नावं ठेवत नाहीत. मी म्हटलं, एकटं तिचं नाही काटत बाबा. दोन्ही नावं काढतात. मग पिशवीवर नुसता नंबर राहतो. कुणाच्या होत्या, कुणासाठी होत्या, ते पुढच्याला कळत नाही.

ते निखाऱ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नाहीच म्हणतील, आणि मी त्यांना पुढे काही समजावणार नव्हते.

"दोघाइचं संगच जात असन," ते म्हणाले, "त मंग जाऊ दे."

सकाळी त्यांना शेजारी बसवून मी दवाखान्यात फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून तरुण. त्यांनी बाबांना विचारलं, देता का, आणि बाबा हो म्हणाले. मग त्या मला म्हणाल्या, मॅडम, नावं काढण्याआधी एकदा खात्री करून घ्यावी लागते. त्यांनी कागदावरून सावकाश वाचलं. देणारे, भाऊराव. घेणारी, वैशाली. बरोबर आहे ना?

मी बरोबर म्हटलं. बाबांनी माझ्याकडे हात केला, फोन दे म्हणून, आणि पलीकडच्या बाईंना म्हणाले, पोरी, अजून एक डाव वाच.